एक मूल, एक नंबर

३ सप्टेंबर

लिहिण्यापूर्वी क्षमा मागते. कोणाची, हे मलाही नीटसे ठाऊक नाही. कदाचित ज्यांची पुस्तके वाचीत मी मोठी झाले, त्या सर्वांची. शाळेत निबंधात माझा पहिला क्रमांक येत असे, परंतु निबंधाला विषय दिलेला असतो. स्वतःचे आयुष्य हा लिहिण्याजोगा विषय आहे असे मानण्याइतके धाडस माझ्यात कधी नव्हते. तरीही आजचा दिवस कोरा सोडवत नाही, म्हणून हे धारिष्ट्य.

आज आम्ही दोघी बहिणी या शहरात राहावयास आलो. येथील शिक्षण कार्यालयात, विद्यार्थी क्रमांक विभागात, मला नोंद-सहायिकेची नोकरी मिळाली आहे. आईवडील गेल्यापासून आम्ही काकूंकडे होतो. काकूंनी आम्हांला कधी उपाशी ठेवले नाही, कधी हात उगारला नाही. इतकेच की त्या घरात आम्ही सात वर्षे पाहुण्या होतो, आणि पाहुण्यांनी सात वर्षे राहू नये हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले असे. निघताना आमची जड पेटी त्यांनी स्वतः उचलून बसमध्ये ठेवली, यातच सर्व आले.

खोली एका शिंप्याच्या दुकानावर आहे. जिना अरुंद आणि लाकडी. खाली दिवसभर शिलाई यंत्रांची घरघर. खिडकीतून समोरच्या शाळेचे मैदान दिसते. माझी बहीण दहा वर्षांची आहे. तिचे खरे नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण एका जागी टिकत नाही म्हणून घरात ती भिंगरी. पेटी उघडण्यापूर्वीच ती शिंप्याशी ओळख करून, मूठभर रंगीत चिंध्या घेऊन वर आली. मग तिने विचारले, इथे कोणी आपल्याला हळू बोला म्हणणार नाही ना? मी नाही म्हटले. खात्री करून घेण्यासाठी तिने एक आरोळी ठोकली. खालची यंत्रे क्षणभर थांबली, आणि शिंप्याने जिन्यातून विचारले की वर कोणी पडले काय.

इतके हसल्याचे मला आठवत नाही.

६ सप्टेंबर

काम मला आवडले. मूल पहिल्यांदा वर्गात बसते त्या दिवशी त्याला एक नंबर मिळतो, आणि शाळा संपेपर्यंत तो त्याच्यासोबत राहतो. हजेरी, गुण, उंची, वजन, छायाचित्र, सारे त्या एका नंबराखाली जमा होते. शाळा बदलली की जुन्या शाळेने नंबर 'सोडायचा' आणि नव्या शाळेने तो 'घ्यायचा', असा नियम आहे. विभागप्रमुख बाईंच्या टेबलामागे एक पाटी आहे : एक मूल, एक नंबर. बाई जाड भिंगांचा चष्मा लावतात आणि चष्म्यावरून पाहतात. तो मग लावतात कशाला, हे विचारण्याइतकी मी धीट नाही.

आज भिंगरीचा प्रवेश झाला. जुन्या शाळेने अद्याप तिचा नंबर सोडला नव्हता, आणि नंबराशिवाय वर्गात बसवता येणार नाही, असे येथील वर्गशिक्षिकेने सांगितले. जुन्या शाळेची वाट पाहिली असती तर भिंगरी महिनाभर घरी बसली असती. म्हणून मी माझ्याच संगणकावर तिच्यासाठी नवा नंबर तयार केला. जुना सोडला की एक बंद करू, असा विचार केला. बाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, असे सगळेच करतात, महिनाअखेरीस निस्तरायचे म्हणजे झाले.

११ सप्टेंबर

भिंगरी जिन्यावरून पडली. जिन्याच्या कठड्यावरून घसरत होती, हे मी तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने कबूल केले. हनुवटीला तीन टाके पडले. डॉक्टरांनी विचारले, दुखतंय का? ती म्हणाली, तुम्हीच घालून बघा. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण डॉक्टर हसले.

तीन दिवस शाळा नाही. तिचा आनंद गगनात मावत नाही.

१६ सप्टेंबर

आज दुपारी सहज भिंगरीचा जुना नंबर उघडून पाहिला. जुन्या शाळेने तो सोडलेला नाहीच. उलट ती तेथे रोज हजर आहे. आम्ही येथे आलो त्या दिवशीही हजर. टाके पडले त्या दिवशीही हजर.

बाईंना दाखवले. त्यांना नवल वाटले नाही. त्या म्हणाल्या, "पट टिकवायला लावत असतील हजेरी. पट घसरला की तुकडी बंद, तुकडी बंद की एक मास्तर घरी. कागदावरची पोरं फार गुणी असतात गं. कधी आजारी पडत नाहीत."

मला राग आला. माझ्या बहिणीच्या नावावर कोणाची तरी नोकरी चालावी, हे मला पटत नाही. उद्या तेथील मुख्याध्यापकांना दूरध्वनी करीन. काय बोलायचे ते एका कागदावर लिहून ठेवले आहे, नाहीतर ऐन वेळी शब्द सुचत नाहीत.

१७ सप्टेंबर

कागदाचा उपयोग झाला नाही. मुख्याध्यापकांनी माझे सारे ऐकून घेतले आणि सौम्यपणे सांगितले की माझा काहीतरी गैरसमज होत आहे. मुलगी तेथेच आहे, पहिल्या बाकावर बसते. सध्या तिची प्रगती विशेष आहे. मला हवे असल्यास ते तिला आत्ता बोलावून घेतील.

मी "नको, राहू द्या" म्हणाले, आणि वर आभार मानून फोन ठेवला. माझ्या भिडस्त स्वभावाचा मला इतका संताप कधी आला नव्हता. मनुष्य किती सहज खोटे बोलतो. बोलावतो म्हणाला, कारण मी नको म्हणणार हे त्याने ताडले होते.

भिंगरी समोर बसून चिंध्यांची बाहुली करीत होती. बाहुलीलाही तिने हनुवटीवर टाके घातले आहेत.

२० सप्टेंबर

काकूंना फोन केला. सरळ विचारवेना म्हणून आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. गुडघा बरा आहे. मग त्या आपणहून म्हणाल्या, "तुझ्या बहिणीची काळजी करू नकोस हं. आता पसारा नाही, दंगा नाही. जेवलं की ताट उचलते. तू गेलीस आणि पोर एकदम शहाणी झाली बघ."

मी विचारले, कोण? त्या म्हणाल्या, कोण म्हणजे काय, तुला किती बहिणी आहेत?

म्हणजे काकूही त्यात सामील आहेत. मुख्याध्यापक त्यांच्या ओळखीचे आहेतच. पण काकूंना खोटे बोलणे जमत नाही. खोटे बोलताना त्या मोठ्याने बोलतात. आज त्या अगदी सावकाश, मायेने बोलत होत्या. माझ्याशी त्या असे कधी बोलल्या नाहीत.

२३ सप्टेंबर

वार्षिक छायाचित्रे आली. दर वर्षी सर्व शाळा ती पाठवतात आणि आम्ही ती नंबरांना जोडतो. आमच्या भिंगरीचे छायाचित्र हलल्यामुळे धूसर आले आहे, ते परत काढावे लागेल.

जुन्या नंबराखालचे स्पष्ट आहे. जुन्या शाळेचा गणवेश, मागे तेथील पिवळी भिंत. दोन घट्ट वेण्या, ओठ मिटलेले, नजर थेट समोर. भिंगरीच आहे. मी तिला ओळखणार नाही असे कसे होईल?

हनुवटीवर तीन टाके आहेत.

पडली ती येथे. टाके घातले ते येथे. मी स्वतः तिचा हात धरून बसले होते. कोणी तरी येथून छायाचित्र नेऊन गणवेश चिकटवला असेल, असे मी तासभर स्वतःला समजावले. मग आमच्या विभागातले छायाचित्रांचे काम पाहणाऱ्या काकांना, नाव न सांगता, ते दाखवले. ते म्हणाले की यात काही जोडकाम नाही; पोरगी तिथे उभी राहिली आणि कोणीतरी फोटो काढला, बस्स.

२४ सप्टेंबर

आज मी एक नीच कृत्य केले. माझ्या बहिणीची परीक्षा घेतली. जेवताना सहज विचारल्यासारखे करून विचारले की काकूंचा फुटलेला कप आपण कोठे लपवला होता. हे आम्हां दोघींशिवाय कोणालाही ठाऊक नाही.

ती म्हणाली, "पाण्याच्या टाकीमागे. आणि फोडला होतास तू, मी नाही." मग घास हातात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिली. "ताई, तू मला असं का विचारतेस? मी चोर आहे का?"

मी तिला जवळ घेतले. तिला ताप आहे. उद्या पुन्हा शाळा नाही.

२६ सप्टेंबर

महिनाअखेरीची दुबार नंबरांची यादी संगणकाने काढली. नाव, जन्मतारीख, आईचे नाव जुळले की दोन नंबर एकाच मुलाचे समजले जातात आणि विलीन केले जातात. एक राहतो, एक बंद होतो. तीस तारखेपर्यंत सर्व निकाली काढायचे आहेत. भिंगरीचे नाव माझ्याच वाट्याला आले आहे.

बाईंना विचारले, बंद झालेल्या नंबरावर जर खरेच एखादे मूल असेल तर? त्यांनी चष्म्यावरून पाहिले. म्हणाल्या, मूल एकच असते. मी म्हटले, समजा, नसले तर. त्या हसल्या.

"इतकी वर्षं विलीनीकरण करतेय. एका आईबापाची तक्रार नाही आली. उलट भेटले की सांगतात, पोरगं सुधारलं."

मी जागेवर येऊन बसले. 

२७ सप्टेंबर

भिंगरीच्या वर्गशिक्षिकेला भेटले. त्या दमलेल्या होत्या. म्हणाल्या की तुमची बहीण हुशार आहे पण एक मिनिट स्वस्थ बसत नाही, तिचा नंबर एकदाचा विलीन होऊ द्या. मी विचारले, त्याने काय होईल? त्यांनी सहज सांगितले की विलीन होऊन आलेली मुले जागची हलत नाहीत, अशी वर्गात दहाबारा असली की बाईचा घसा वाचतो. कारण त्यांना ठाऊक नाही. त्यांनी कधी विचारही केलेला नाही.

मधल्या सुट्टीत मैदान पाहिले. मुले धावत होती, भांडत होती. आणि भिंतीलगत काही मुले उभी होती. हात मागे. ओठ मिटलेले. कोणी त्यांना उभे केले नव्हते.

रोज खिडकीतून पाहते. मला वाटे, शिक्षा झाली असेल.

२८ सप्टेंबर

काकूंना पुन्हा फोन केला. आज ठरवून विचारले, ती तेथे असेल तर फोनवर द्या. काकूंनी हाक मारली. पावले वाजली नाहीत. मग —

आवाज तिचाच.

"ताई, टाकीमागचा कप मी काकूंना देऊन टाकला. खरं सांगितलं. आता त्या मला रागवत नाहीत." थोडे थांबून : "माझा एकही दिवस बुडला नाही, ताई. मला कधी नेणार?"

भिंगरी माझ्या शेजारी होती. पलंगावर उड्या मारीत होती. मी तिला गप्प बस म्हणाले. या घरात प्रथमच.

२९ सप्टेंबर

झोप नाही. लिहिताना अक्षर बिघडते आहे, क्षमा.

एकदा मनात आले — खरी कोणती? मी जिला आणले ती, की जी — ? नाही. बसमध्ये ती माझ्या मांडीवर ओकली होती. माझ्या साडीवर डाग आहे. डाग खोटा असू शकत नाही.

मग एवढेच करायचे. नवा नंबर ठेवायचा, जुना बंद करायचा. अधिकार माझ्याकडे आहे. बाई म्हणाल्या, तुला हवा तो ठेव. इतक्या सहज म्हणाल्या. त्यांना काय ठाऊक आहे?

सकाळी भिंगरीने विचारले, मी वाईट आहे का? वर्गातल्या बाई म्हणतात माझा नंबर बदलला की मी चांगली होईन. मी म्हटले, तुझा नंबर मी बदलू देणार नाही.

३० सप्टेंबर, दुपारी एक

केले. नवा ठेवला, जुना बंद. संगणकाने आणखी एक प्रश्न विचारला, त्यावर खूण आधीच केलेली होती. मी पुढे गेले.

लगेच काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुम्ही दोघी गेल्यापासून घर कसं शांत झालंय. मी पुन्हा विचारले, दोघी ना? त्या वैतागल्या. दोघीच गेलात ना, की तिसरी होती?

मी फोन ठेवून रडले. आनंदाने. भिंगरी वाचली. ती दोन वाजता येईल. आज तिला आरोळी ठोकू देणार आहे. हवी तितकी.

३० सप्टेंबर, अडीच

जिना वाजला नाही. दार वाजले. तिने दार वाजवले. भिंगरी कधी —

दोन घट्ट वेण्या. सकाळी मी एक सैल घातली होती. बूट काढून भिंतीशी जोडून ठेवले. "आले, ताई." आणि उभी राहिली. मी सांगेपर्यंत बसली नाही.

विचारले, चिंध्यांची बाहुली कोठे आहे. म्हणाली, कचरा होता, टाकला.

३० सप्टेंबर, साडेतीन. कार्यालय

तिला घेऊन आले. खुर्चीवर बसली आहे. हलत नाही.

बाईंना सांगितले. त्यांनी नोंद उघडून दाखवली. नंबर माझाच आहे, नवा. खाली सारे तिचे. हजेरी पूर्ण. गुण पूर्ण. छायाचित्र स्पष्ट. ताप नाही. बुडालेला दिवस नाही. बाई समजावून म्हणाल्या, "अगं, नंबर म्हणजे ताट. ताट कुठलं का असेना, ज्यात जास्त वाढलंय तेच जेवण राहतं. खूण होती ना तिथे? भरलेली नोंद ठेवा म्हणून?"

मी ताट वाचवले. फक्त ताट.

विलीनीकरण रद्द करता येते. त्याच दिवशी, पाचपर्यंत. मुख्य कार्यालयाकडे अर्ज, आणि बंद झालेले मूल वेगळे होते याचा पुरावा. पुरावा काय देऊ? धूसर छायाचित्र पुसले गेले. तीन दिवसांची रजा पुसली गेली. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, हो हो, ती शांत मुलगी.

ही पाने आहेत. एवढीच आहेत. अर्जासोबत पाठवण्यासाठी एक एक करून स्कॅनरवर ठेवते आहे.

पावणेपाच

अर्ज लिहिला. कृपया वाचावे. ती पडत असे. ओरडत असे. उलट बोलत असे. तिला ताप होता. हे सारे खरे आहे. मी इतक्या धिटाईने कोणाला कधी लिहिले नाही, माफ करा, परंतु तिला परत —

तिने पाणी आणून ठेवले. न सांगता. म्हणाली, दमलीस ना, ताई.

केस किती नीट विंचरलेले. काकू खरेच म्हणत होत्या

नाही. लिहीत राहायचे. आरोळी. शिंप्याने विचारले वर कोणी पडले काय. आम्ही हसलो. आम्ही म्हणजे मी आणि

मी आणि ही. हिने आरोळी — ही कशी ओरडेल? मग कोण ओरडले? साडीवर डाग आहे. कसला? पान वर करून वाचते आहे, भिंगरी असे लिहिले आहे, माझेच अक्षर आहे, पण भिंगरी मी कोणाला

अर्ज व पाने पाठविली : ३० सप्टेंबर, दुपारी ४ वाजून ५३ मिनिटे.